गाठ डाव्या पायाला, दुखणं उजव्याला: एका बनियनचं प्रकरण

बाई आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, अंगठ्याचं हाड वाढलंय. नुसतं तासून टाकता येईल ना?"

वय ५२. शाळेत गणित शिकवतात, रोज पाच-सहा तास फळ्यासमोर उभ्या असतात. मोजे काढून त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चांगली ठसठशीत गाठ, उजव्याला त्याहून लहान. मी साहजिकच डाव्या पायाकडे हात नेला, तर त्यांनी तो पाय मागे घेतला. "हा नाही. हा कधीच दुखत नाही. दुखतो तो उजवा."

गाठ मोठी ती डाव्याला आणि दुखणं उजव्याला, हा तिढा पुढे सव्वा-दीड वर्ष आमच्या बोलण्यात राहिला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसं लिहितो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत या गाठीला जे म्हणतात त्याचा मराठीत उच्चार 'बनियन' होतो, आणि बनियन म्हटलं की आपल्याला अंगातलं बनियन आठवतं. दवाखान्यात हा विनोद इतक्यांदा झाला आहे की आता मी हसत नाही. वैद्यकीय नाव हॅलक्स व्हॅल्गस. १८७०च्या सुमारास कार्ल ह्युटर या जर्मन सर्जनने ते रूढ केलं. अर्थ साधा आहे: अंगठा बाहेरच्या बाजूला, म्हणजे करंगळीच्या दिशेने, कललेला. नावात गाठीचा उल्लेखसुद्धा नाही, आणि ते मला फार योग्य वाटतं. लोक मात्र म्हणतात "हाड वाढलंय". बाईंचा आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा गैरसमज या दोन शब्दांपासून सुरू होतो. वाढलेलं हाड म्हटलं की तासणं ओघानेच आलं.

एका बोटाने दाखवा

पाय दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा, तळहाताने नको. बाईंनी बोट टेकवलं ते गाठीवर नाही. तळव्याखाली, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी. "इथे. बुटात खडा गेल्यासारखं वाटतं. बूट झटकला तरी खडा तिथेच."

तिथे घट्टा होता, जाड आणि पिवळसर. गाठीवरची कातडी थोडी लाल होती, अरुंद बुटात ती चोळवटायची आणि ठुसठुसायची. पण बूट काढला की दहा मिनिटांत ते थांबायचं. चवड्याखालचा खडा मात्र अनवाणी चालतानाही टोचत होता. डाव्या तळव्याला घट्टा नव्हताच.

बाकीची तपासणी पटकन सांगतो. अंगठा वर-खाली चांगला वळत होता, हलवताना सांध्यात करकर नव्हती, म्हणजे सांधा झिजलेला नव्हता. सांधा झिजून आखडतो तेव्हा उंचवटा बहुधा वरच्या बाजूला येतो आणि अंगठा वर उचलताना दुखतं. त्या दुखण्याची वाट वेगळी. रात्रीतून लालभडक होऊन सुजण्याचा इतिहास नव्हता, म्हणून गाऊटचा विचार मागे पडला. हातांचे सांधे ठीक. पावलांत नाडी नीट लागत होती, बोटांना स्पर्श समजत होता. या शेवटच्या दोन गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण रक्तपुरवठा कमी असेल किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेला असेल तर शस्त्रक्रियेचा सगळा हिशेबच बदलतो.

दोन गोष्टींवर मात्र थांबलो. पहिली, उजव्या पायाचं दुसरं बोट. ते किंचित वर उचललेलं होतं आणि मुळाशी धरून वर सरकवलं तर डाव्यापेक्षा जास्त सरकत होतं. त्या सांध्याच्या तळाशी एक जाड, चिवट पडदा असतो, प्लांटार प्लेट. तो ताणला जाऊ लागला होता. दुसरी गोष्ट पोटरी. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर उचलायला सांगितलं तर ते काटकोनाच्या पुढे जाईना. गुडघा वाकवला की सहज जायचं. म्हणजे पोटरीचा वरचा, गुडघ्याच्याही वरून येणारा स्नायू आखडलेला. अशा पायात टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर भार लवकर येतो, जास्त वेळ राहतो. पाय दुखतो म्हणून आलेल्या माणसाची पोटरी तपासायची राहून जाते, माझ्याकडूनही पूर्वी राहिली आहे.

उभं राहून काढलेला एक्स-रे

बाईंकडे एक जुना एक्स-रे होता, टेबलावर आडवं झोपवून काढलेला. मी तो बाजूला ठेवला आणि उभं राहून, दोन्ही पावलांवर पूर्ण वजन टाकून नवा काढायला सांगितला. पायाची हाडं भाराखाली पसरतात. आडव्या पायाचा एक्स-रे म्हणजे रिकाम्या पुलाचा फोटो.

त्यांच्यासमोरच रेघा मारल्या. कोन म्हटल्यावर बाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. पहिली रेघ अंगठ्यामागच्या लांब हाडाच्या, म्हणजे पहिल्या मेटाटार्सलच्या मध्यातून, दुसरी अंगठ्याच्या हाडातून. या दोघींमधला कोन १५ अंशांपर्यंत असला तर सर्वसाधारण धरतात. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधला कोन साधारण ९ अंशांच्या आत असावा लागतो. उजव्या पायाचे कोन निघाले ३२ आणि १४. डाव्याचे ३७ आणि १५. ढोबळमानाने पहिला कोन २० ते ४० असला की मध्यम, ४०च्या पुढे तीव्र. म्हणजे दोन्ही पाय मध्यम गटात, त्यातही डावा अधिक वाकडा.

"मग डावा का दुखत नाही?" गणिताच्या बाईंनी बरोबर तोच प्रश्न विचारला.

मी त्यांना एक्स-रेवर दोन छोटे गोल दाखवले. पहिल्या मेटाटार्सलच्या डोक्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, सेसमॉइड. ती अंगठा वाकवणाऱ्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, बसलेली असतात आणि उभं राहिल्यावर, चालताना ढकल मारताना अंगठ्याखालचा भार तीच घेतात. बनियनमध्ये होतं असं: मेटाटार्सल हळूहळू दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकू लागतं, आणि सरकता सरकता स्वतःभोवती थोडं वळतंही. आतल्या बाजूचं सांध्याचं आवरण ताणून सैल होतं. सेसमॉइड मात्र जागेवरच राहतात, कारण त्यांना बाकीच्या चवड्याशी बांधणारे स्नायू आणि अस्थिबंध दुसऱ्या बाजूने धरून असतात. एक्स-रेत सेसमॉइड सरकल्यासारखे दिसतात, खरं तर त्यांच्यावरचं हाड निघून गेलेलं असतं. मग अंगठ्याच्या वरची आणि खालची कंडरा सरळ रेषेत राहत नाही, वाकलेल्या धनुष्याच्या दोरीसारखी एका बाजूला येते. त्यानंतर प्रत्येक पावलागणिक दोरी ओढली जाते आणि धनुष्य आणखी वाकतं. म्हणून हे दुखणं एका हद्दीपुढे गेलं की आपोआप मागे येत नाही.

आणि गाठ? ती म्हणजे सरकलेल्या मेटाटार्सलचं डोकं, जे कायम तिथेच होतं, फक्त आता बाहेर डोकावतंय. वर घर्षणाने सुजलेली एक लहानशी पिशवी. नवं हाड म्हणावं असं त्यात फारसं काही नसतं.

बाईंच्या उजव्या पायात मेटाटार्सल सेसमॉइडवरून जवळजवळ पूर्ण उतरलं होतं. अंगठ्याने भार घेणं सोडलं, तो शेजारच्यावर पडला. दुसरं मेटाटार्सल पहिल्यापेक्षा बारीक आणि त्यांच्यात थोडं लांबही होतं. त्याने जमेल तितकं सोसलं आणि मग खडा टोचू लागला. डाव्या पायात कोन मोठा, पण पहिलं हाड खालून दाबून पाहिलं तर कमी डळमळत होतं आणि तळव्याची कातडी सांगत होती की अंगठा अजून आपलं काम करतोय.

बाई थोडा वेळ एक्स-रेकडे पाहत राहिल्या. "म्हणजे उजव्याची गाठ तासली तरी खडा राहणार."

हो, राहणार.

हे का झालं

आईच्या पायाला असंच होतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आनुवंशिकता या दुखण्यात मोठी असते. गाठ वारशाने येत नाही, पायाची ठेवण येते: सैल अस्थिबंध, पहिल्या हाडाची जास्त हालचाल. बुटांचा वाटा किती यावर जुना पण बोलका पुरावा हाँगकाँगमधला आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचे अंगठे कललेले आढळले, कायम अनवाणी राहणाऱ्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. बूट बंदुकीचा घोडा ओढतो, गोळी बहुधा आधीच भरलेली असते. प्रौढांमध्ये साधारण चौघांत एकाला आणि पासष्टीनंतर तिघांत एकाला कमी-जास्त प्रमाणात हे असतं, स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त. त्यातल्या बहुतेकांना कधीच शस्त्रक्रिया लागत नाही.

चार महिने कात्रीविना

मी चार महिने मागितले. बाई नाराज झाल्या. त्यांनी आठ महिने रात्री अंगठा सरळ ओढणारा पट्टा लावला होता, बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा ठेवला होता, "सगळं करून झालंय" असं त्यांचं म्हणणं. पट्टा मी बंद करायला सांगितला. झोपेत अंगठा सरळ दिसतो, सकाळी पट्टा काढला आणि चार पावलं चाललं की धनुष्याची दोरी पुन्हा ताणली जाते. मोठ्या माणसाचा कोन पट्ट्याने कायमचा सुधारत नाही. बोटांमधला तुकडा ठेवायला हरकत नव्हती. तो कोन बदलत नाही, पण दोन बोटं घासायची थांबतात.

बुटांचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे बूट रुंदच आहेत." मी वाद घातला नाही. घरी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची कडा पेन्सिलने काढायची, मग त्या आकृतीवर आपला बूट ठेवायचा, एवढंच सांगितलं. पुढच्या वेळी त्या कागदच घेऊन आल्या. चवड्यापाशी पेन्सिलची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती. "पंचवीस वर्षं तोच नंबर मागतेय," त्या म्हणाल्या. वयानुसार पाऊल पसरतं, नंबर मात्र आपण पाठ केलेला असतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती एक बारीकशी चूक सुधारणं. त्यांनी बुटात एक मऊ गादी लावली होती, बरोबर दुखऱ्या जागेखाली. दुखतं तिथे मऊ ठेवावं हे कुणालाही सुचेल. पण तिथे उंचवटा ठेवला की दुखऱ्या हाडाखाली दाब वाढतो. गादी त्या जागेच्या थोडी मागे, टाचेच्या बाजूला लागते, म्हणजे हाडाचं डोकं उचललं जातं आणि भार मागे पसरतो. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक. गादी मागे सरकवल्यावर आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

जोडीला पोटरीचा ताण रोज, आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर नेण्याचा व्यायाम. दुसऱ्याबद्दल मी फार आशा दाखवली नाही. स्नायू जागा होतो, कोन सरळ होत नाही.

चार महिन्यांनी डाव्या पायाचं बुटातलं किरकोळ चोळवटणं पूर्ण थांबलं. उजव्या पायाने आधी वीस मिनिटं चालवत होतं, ते चाळीसवर गेलं. पण शाळेचा पूर्ण दिवस उभं राहणं अजून जमेना. चौथ्या तासाला त्या खुर्चीवर बसून शिकवायच्या आणि हे त्यांना फार लागायचं. शिवाय दुसरं बोट आणखी थोडं वर गेलं होतं. वाट पाहण्याने आता नुकसान होणार होतं, आणि ते गाठीचं नाही, शेजारच्या बोटाचं.

या टप्प्यावर मी रुग्णांना एका संशोधनाबद्दल सांगतो. २००१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात फिनलंडमधल्या २०९ रुग्णांचा अभ्यास आला. चिठ्ठ्या टाकून तीन गट केले होते: शस्त्रक्रिया, बुटातला सोल, नुसतं थांबणं. सहा महिन्यांनी सोलवाल्यांना थांबलेल्यांपेक्षा बरं वाटत होतं, वर्षाने तो फायदा टिकला नाही. शस्त्रक्रिया झालेले वर्षानेही पुढे होते. बाईंचा प्रश्न होता, मग सरळ पहिल्याच दिवशी का नाही केलीत? कारण त्या अभ्यासातले रुग्ण दुखणारे होते आणि बाईंचं दुखणं नक्की कुठून येतंय हे त्या चार महिन्यांनीच दाखवलं. डावा पायसुद्धा त्याच चार महिन्यांनी वाचवला.

कोणती शस्त्रक्रिया

बनियनसाठी आजवर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया वर्णन केल्या गेल्या आहेत. इतके पर्याय असणं हे विपुलतेचं लक्षण नाही, एकही सगळ्यांना लागू पडत नाही याचं आहे.

नुसतं तासणं हीही त्यातली एक, जुनी. मूळ सरकलेलं हाड तिथेच राहत असल्याने गाठ परतण्याचा धोका मोठा. आता ती एकटी क्वचितच करतात. सौम्य वाकडेपणात मेटाटार्सलच्या डोक्यापाशी इंग्रजी 'व्ही'सारखा काप घेऊन डोकं सरकवतात, त्याला शेवरॉन म्हणतात. मध्यम वाकडेपणात हाडाच्या लांबीत झेडसारखा काप घेतात, नाव स्कार्फ. गळ्यातल्या स्कार्फशी त्याचा संबंध नाही. सुतार दोन लाकडं टोकाला टोक जोडताना जो तिरका सांधा करतात त्याचं ते नाव आहे. अंगठ्याच्या स्वतःच्या हाडातून बारीकशी पाचर काढणं म्हणजे एकिन, १९२५ पासूनची. पहिलं हाड मुळापाशीच फार डळमळत असेल तर तिथला सांधा कायमचा जोडून टाकतात, ती लॅपिडस. अंगठ्याचा सांधा झिजून गेला असेल तर तोच जोडणं हा शहाणपणाचा पर्याय असतो. अलीकडे बारीक छिद्रांतून, छोट्या फिरत्या कटरने हाड कापण्याची पद्धतही रुजते आहे. जखम लहान, पण आत हाड तेवढंच कापलं जातं आणि जुळायला वेळही तेवढाच लागतो. जाहिरातींत हे दुसरं वाक्य नसतं.

बाईंच्या बाबतीत मी आणि माझा एक सहकारी यांचं एकमत झालं नाही. तो म्हणाला लॅपिडस कर, शेजारच्या हाडावर भार जातोय म्हणजे मूळच डळमळतंय. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी स्कार्फ आणि एकिनकडे झुकलो. पहिल्या हाडाची हालचाल जास्त असली तरी टोकाची नव्हती, आणि स्कार्फमध्ये डोकं दुसऱ्या मेटाटार्सलकडे सरकवताना थोडं खालीही आणता येतं, म्हणजे अंगठा पुन्हा भार घेऊ लागतो. सांधा जोडला की तो न जुळण्याची शक्यता आणि पाय जपण्याचा लांब काळ, दोन्ही गळ्यात पडतात. दुसरं मेटाटार्सल कापून आखूड करायचं का, यावरही चर्चा झाली. त्या शस्त्रक्रियेनंतर बोट जमिनीला न टेकता वर तरंगत राहण्याची शक्यता असते. आधीच वर उचललेल्या बोटाला मी ती जोखीम देऊ इच्छित नव्हतो. ठरलं ते असं: आधी अंगठ्याला कामावर परत आणू, दुसऱ्याला हात लावायचा की नाही ते नंतर.

"दोन्ही पाय एकदम करून टाका ना, एकदाच काय ते," बाईंची मुलगी म्हणाली. मी नाही म्हणालो. न दुखणाऱ्या पायाची शस्त्रक्रिया करून तो जास्तीत जास्त न दुखणाराच राहील. आणि पुढे बिघडू नये म्हणून आधीच कापून ठेवणं हे मला कधी पटलेलं नाही.

संमतीपत्रावर सही घेण्याआधी मी जे सांगितलं त्यात भीती घालण्याचा हेतू नव्हता: जखमेत जंतू, पायात रक्ताची गुठळी, हाड न जुळणं, अंगठा आखडणं, वाकडेपणा परत येणं किंवा उलट दिशेला जास्त सरळ होणं, अंगठ्याच्या कडेला बधिरपणा, आणि चवड्याखालचं दुखणं पूर्ण न जाणं. शेवटचं मी दोनदा सांगितलं. टोकदार बूट पुन्हा घालता येतील असं वचन देत नाही, हेही. त्या सिगारेट ओढत नव्हत्या. ओढत असत्या तर आधी ती सोडायला लावली असती, कारण धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो.

त्या दिवशी आणि नंतर

घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर केलं, जोडीला थोडं झोपेचं औषध. तासाभराचं काम. आधी बाहेरच्या बाजूचे, अंगठ्याला ओढणारे बंध सैल केले, मग हाडाला झेड काप, डोकं सरकवून दोन स्क्रूने पक्कं, अंगठ्यातून पाचर, तिथे आणखी एक स्क्रू. तिथल्या तिथे एक्स-रे पाहिला: सेसमॉइड पुन्हा डोक्याखाली. बाईंना जे तासून हवं होतं ते कडेचं हाड सर्वांत शेवटी निघालं, दोन-तीन मिलिमीटर. त्याच दिवशी त्या घरी गेल्या.

पहिले दोन आठवडे पाय छातीच्या पातळीपेक्षा वर. हे सगळ्यांना ऐकायला सोपं वाटतं. बाई पाचव्या दिवशी कंटाळून उत्तरपत्रिका तपासायला टेबलाशी बसल्या, तासाभराने पाऊल जांभळं पडलं म्हणून घाबरून फोन. पाय वर घेतल्यावर वीस मिनिटांत रंग परतला. टाके चौदाव्या दिवशी काढले. त्याच दिवसापासून अंगठा हाताने वर-खाली वळवायला सुरुवात, कारण दुखतंय म्हणून न हलवलेला अंगठा आखडतो. सहा आठवडे कडक, सपाट तळव्याचा बूट आणि टाचेवर भार देऊन चालणं. सहाव्या आठवड्यात एक्स-रे चांगला दिसला, मग रुंद, मऊ खेळाचे बूट. पाय उजवा, म्हणून गाडी चालवणं आठव्या आठवड्यानंतर, तेही ब्रेक जोरात दाबता येतो हे थांबलेल्या गाडीत करून पाहिल्यावर.

शाळेत त्या सातव्या आठवड्यात गेल्या, खुर्ची घेऊन. मी आठ-दहा सांगितले होते.

इथे माझी एक चूक नोंदवतो. सूज वर्षभर राहू शकते हे मी सांगितलं होतं, पण एका वाक्यात, दहा गोष्टींच्या मध्ये. तिसऱ्या महिन्यात त्यांनी हौसेने दोन जोड नवे बूट घेतले, सुजलेल्या मापाचे. आठव्या महिन्यात ते ढिले झाले. त्याच तिसऱ्या महिन्यात त्यांना वाटत होतं की शस्त्रक्रिया फसली: पाय सुजलेला, अंगठा ताठ, खडा कमी पण आहेच. मी एक्स-रे दाखवून समजूत घालत होतो आणि त्या चांगल्या एक्स-रेवर चालता येत नाही असं म्हणत होत्या. त्यांचं बरोबर होतं. आता मी रुग्णांना तिसऱ्या महिन्यातल्या निराशेबद्दल वेगळं, बसवून सांगतो.

खडा सहाव्या महिन्यात गेला. एका दिवशी नाही. त्या म्हणाल्या, पाचवा तास संपला तेव्हा लक्षात आलं की आपण खुर्ची ओढलीच नाही.

वर्षाने उजव्या पायाचे कोन १३ आणि ७. घट्टा कागदासारखा पातळ. दुसरं बोट अजून किंचित वर, पण जमिनीला टेकणारं, न दुखणारं, त्याला हात लावावा लागला नाही. अंगठा वर वळतो तो पूर्वीपेक्षा कमी, चवड्यावर उंच उभं राहून वरच्या फळीवरचं काही काढायचं तर जाणवतं. अंगठ्याच्या आतल्या कडेला नाण्याएवढी जागा बधिर आहे, ती तशीच राहील असं दिसतं. वाकडेपणा परत येईल का, लॅपिडस केली असती तर जास्त टिकली असती का, याचं उत्तर एका वर्षात मिळत नाही. सहकारी अजून आपल्या मतावर ठाम आहे.

त्या शेवटच्या भेटीत मुलगीही आली होती, चौदा वर्षांची. तिचे अंगठे आत्ताच थोडे कललेले, दुखत काही नाही. आजीचा पाय, आईचा पाय, आता मुलीचा, म्हणून बाई हबकल्या होत्या. "तिचं लवकर करून टाकलं तर?" वाढत्या वयात शस्त्रक्रिया केली तर वाकडेपणा परतण्याचं प्रमाण जास्त असतं, हाडांची वाढ पूर्ण व्हायची वाट पाहायची असते, आणि दुखत नसेल तर तेव्हाही करायची नसते. मुलीला मी विचारलं, तुझे बूट आवळतात का? ती म्हणाली, नाही. आईने पर्समधून कोरा कागद काढला आणि तिला तिथेच त्यावर उभं केलं. रेघ बुटाबाहेर आली, एका बाजूने. मुलीने आईकडे पाहणं टाळलं.

जाताना बाईंनी विचारलं, डाव्याचाही एक्स-रे काढायचा का, कोन ३७ होता तो आता किती झाला असेल? मी तळवा पाहिला. घट्टा नव्हता, दुसरं बोट सरळ होतं, सकाळी त्या त्याच पायांनी तासभर फिरून आल्या होत्या. मी एक्स-रे लिहून दिला नाही.